परतीची वाट जातानाच लिहा

मुलांनो, पावसाळ्याचे दिवस आहेत असं समजा. तुम्ही घरच्या मंडळींबरोबर हरिश्चंद्रगडावर आला आहात. मंदिराजवळ बसून डबे खाल्ले आणि सगळे कोकणकडा बघायला पश्चिमेकडे निघालात. थोडं चाललात आणि खालून धुकं वर आलं. बघता बघता दहा पावलांवरचा माणूसही दिसेनासा झाला. आता मंदिराकडे परत कसं जायचं? दादा म्हणतो इकडून, काका म्हणतात तिकडून. आणि एका बाजूला तर खोल कडा आहे! चुकून चालणारच नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल, "त्यात काय? पाठ फिरवायची आणि सरळ चालू लागायचं!"

पण खरी गंमत पुढेच आहे. माणसाला खूण दिसत नसेल तर सरळ चालताच येत नाही!

चकवा खरंच लागतो का?

गावाकडे आजी-आजोबांनी तुम्हाला चकव्याची गोष्ट सांगितली असेल. रात्री एखादा माणूस रानातून घरी निघतो, तासन् तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. मग लोक म्हणतात, "याला चकवा लागला."

२००९ साली जर्मनीतल्या काही शास्त्रज्ञांनी याचा छडा लावायचं ठरवलं. त्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या घनदाट जंगलात आणि काहींना सहारा वाळवंटात नेलं. सांगितलं एवढंच, की सरळ चालत राहा. कोण कुठून कुठे गेलं याची नोंद उपग्रहाच्या मदतीने होत होती. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. पण आभाळ भरून आलं, चंद्र मावळला, की त्यांची वाट वळायला लागली. काही जण तर गोल फिरून आपल्याच जुन्या वाटेवर आले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! डोळे बांधून चालायला लावलं तेव्हा काहींनी मारलेलं वर्तुळ वीस मीटर रुंदसुद्धा नव्हतं. म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या लांबीपेक्षाही लहान.

तेव्हा चकवा कुणा भुताचा नसतो, बरं का! आपण सरळच चाललोय असं आपल्याला वाटत असतं, तोच चकवा. आणि त्यावर उतारा आहे होकायंत्र.

कंपासपेटीत नसलेला कंपास

होकायंत्राला इंग्रजीत 'कंपास' म्हणतात. तुमच्या दप्तरात कंपासपेटी असते. तिच्यात पट्टी असते, कर्कटक असतं, कोनमापक असतो, शिवाय चिंचेची बोटुकंही असतात. पण दिशा दाखवणारा कंपास तेवढा नसतो! तो शाळेच्या विज्ञानपेटीत मिळेल, किंवा स्काउट-गाइडच्या ताई-दादांकडे.

होकायंत्रात एक चुंबकसूची असते. पृथ्वी स्वतःच एका मोठ्या चुंबकासारखी वागते, म्हणून ही सूची नेहमी उत्तर-दक्षिण स्थिरावते. तिचं रंगवलेलं टोक, बहुतेक वेळा लाल, उत्तरेकडे असतं. यंत्राच्या कडेला घड्याळासारख्या गोल खुणा असतात. घड्याळात १२ आकडे, इथे ३६० अंश. उत्तर म्हणजे शून्य. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जायचं. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि ३६० ला पुन्हा उत्तर. उपदिशा मधोमध येतात. ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैर्ऋत्य २२५ आणि वायव्य ३१५.

या आकड्याला आपण दिशाकोन म्हणूया. एनसीसीतली मुलं त्यालाच 'बेअरिंग' म्हणतात. "त्या आंब्याच्या बाजूला" असं सांगण्यापेक्षा "दिशाकोन ७०" हे सांगणं किती नेमकं, नाही का? आंबा धुक्यात हरवतो, ७० हरवत नाही.

आता ७० च्या दिशेने चालायचं कसं? होकायंत्र छातीसमोर तळहातावर आडवं धरा. सूची डुलायची थांबली, की डबी हळूच फिरवून उत्तरेची खूण लाल टोकाखाली आणा. मग कडेवर ७० कुठे आहे ते बघा. त्या रेषेत समोर दिसणारं एखादं झाड, दगड, खांब हेरा. होकायंत्र खाली ठेवा आणि त्या खुणेपर्यंत चालत जा. तिथे पोचल्यावर पुन्हा होकायंत्र बघा, पुढची खूण हेरा. सूचीवर डोळे लावून चालू नका, नाहीतर पायाखालचा खड्डा दिसणार नाही! धुक्यात खूण दिसत नसेल तर बरोबरच्या मोठ्या माणसालाच खूण करा. त्यांना दिसतील इतकंच पुढे उभं करायचं, "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे" असं सांगून रेषेत आणायचं आणि मग आपण त्यांच्यापर्यंत जायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. जवळ लोखंड असेल तर सूची फसते. पत्र्याची कंपासपेटी, चावी, सायकल, विजेचा खांब यांच्यापासून लांब उभे राहा. मोबाइलही दूर ठेवा. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं.

एकशेऐंशीची जादू

समजा, तुम्ही शेतावरच्या घरापासून दिशाकोन ७० धरून २०० पावलं गेलात. परत यायचं तर तोंड बरोबर उलटं फिरवायला हवं. उलटं फिरणं म्हणजे अर्धं वर्तुळ, म्हणजेच १८० अंश. ७० मध्ये १८० मिळवले की झाले २५०. तर २५० च्या दिशेने २०० पावलं चाललं, की घर!

आणि जाताना ३१० च्या दिशेने गेला असाल तर? ३१० आणि १८० मिळून ४९० होतात. पण आपल्याकडे तर ३६० च्या पुढे अंशच नाहीत. मग ३१० मधून १८० वजा करा. उत्तर १३०. नियम अगदी छोटा आहे. दिशाकोन १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा. जास्त असेल तर १८० वजा करा.

आता वाट दोन-तीन वळणांची असली तर? काही बिघडत नाही, फक्त जाताना वहीत लिहायचं:

घरापासून २७०°, ३०० पावलं.
तिथून ३१०°, २०० पावलं.

परत येताना ही यादी खालून वर वाचायची आणि प्रत्येक कोन उलटा करायचा:

१३०°, २०० पावलं.
तिथून ९०°, ३०० पावलं.

पाहा, परतीची सगळी वाट आधीच वहीत होती! पण जाताना काहीच लिहिलं नसेल, तर हातात जगातलं सगळ्यांत महागडं होकायंत्र असूनही उपयोग नाही. ते फक्त उत्तर कुठे हे सांगेल. घर कुठे, हे त्याला काय माहीत? ते तुम्हालाच माहीत हवं.

चाणाक्ष मुलं इथे एक शंका काढतील. सूची दाखवते ती उत्तर आणि नकाशातली उत्तर अगदी एक नसते, असं त्यांनी वाचलं असेल. खरं आहे. दोन्हींत थोडा फरक असतो आणि तो जागोजागी वेगळा असतो. महाराष्ट्रात सध्या तो एखाद्या अंशाच्या आतबाहेर, म्हणजे अगदीच किरकोळ आहे. शिवाय जाताना आणि येताना आपण तीच सूची वापरतो. जाताना जेवढा फरक तेवढाच येताना. त्यामुळे आपल्या या हिशेबात तो आड येत नाही.

रुपयाचा खेळ

आता मैदानावर चला. खेळ दोघांनी खेळायचा. जमिनीवर एक रुपया ठेवा आणि त्यावर एक पान झाका, म्हणजे लांबून दिसणार नाही. तिथून दिशाकोन ४० धरून ५० पावलं चाला. थांबा. ४० मध्ये १२० मिळवा, १६० झाले. त्या दिशेने ५० पावलं. पुन्हा १२० मिळवा, २८०. त्या दिशेने ५० पावलं. थांबा आणि पायाखाली बघा. रुपया तिथेच असायला हवा!

असं का होतं? तुम्ही तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण चाललात. एखाद्या आकृतीभोवती पूर्ण फेरी मारून माणूस पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभा राहतो, तेव्हा तो एकूण ३६० अंश वळलेला असतो. तीन कोपऱ्यांवर सारखं वळायचं तर प्रत्येक ठिकाणी ३६० भागिले ३, म्हणजे १२०. चौरस चालायचा असेल तर ३६० भागिले ४, म्हणजे दर कोपऱ्याला ९०. सुरुवात ४० नेच करायला हवी असंही नाही. कुठल्याही कोनापासून निघा. बेरीज ३६० च्या वर गेली तर त्यातून ३६० वजा करा, बस्स!

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांनी हा खेळ केला, तेव्हा बहुतेक जोड्या रुपयापासून चार-पाच पावलांच्या आत आल्या. एक जोडी मात्र खूपच लांब उभी होती. दोघांचे कोन बरोबर, पावलांची मोजणीही बरोबर. मग बिघडलं कुठे? वर्गातल्या एका मुलीनेच ते शोधलं. त्या जोडीतला मुलगा चांगला उंच आणि त्याची जोडीदारीण ठेंगणी. पहिली बाजू चालला तो, उरलेल्या दोन चालली ती! त्याची ५० पावलं आणि तिची ५० पावलं सारखी कशी होतील? दुसऱ्या वेळी तिन्ही बाजू तिने एकटीने चालल्या, आणि पान उचललं तर खाली रुपया!

म्हणून पावलं मोजणारा एकच हवा. आपलं पाऊल किती लांब हेही एकदा बघून ठेवा. मैदानावर ३० मीटर अंतर टेपने मोजा आणि नेहमीसारखं चाला. ५० पावलं लागली तर तुमचं एक पाऊल ६० सेंटिमीटरचं. चढावर पावलं आखूड पडतात, तेही ध्यानात असू द्या.

पावलं मोजणारी मुंगी

गंमत म्हणजे हे गणित एका मुंगीलाही येतं! सहारा वाळवंटात कॅटाग्लिफिस नावाच्या मुंग्या राहतात. भर उन्हात त्या खाणं शोधायला बाहेर पडतात. वेड्यावाकड्या फिरत बिळापासून शंभर-शंभर मीटरसुद्धा लांब जातात. पण एखादा मेलेला किडा सापडला, की आल्या वाटेने परत येत नाहीत. सरळ रेषेत थेट बिळाकडे! दिशा त्या आकाशातल्या उजेडावरून ओळखतात. आणि अंतर?

२००६ साली शास्त्रज्ञांनी एक भारी प्रयोग केला. मुंग्या बिळापासून दहा मीटरवरच्या खाण्यापाशी पोचल्या. तिथे काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून, सर्कशीतल्या विदूषकासारखे पाय लांब केले. काहींचे पाय आखूड केले. मग सगळ्यांना घरी सोडलं. लांब पायांच्या मुंग्या दहा मीटरवर न थांबता सुमारे पंधरा मीटर गेल्या आणि तिथे बीळ शोधू लागल्या. आखूड पायांच्या मुंग्या सहा मीटरच्या आतच थांबून शोधायला लागल्या. म्हणजे मुंगी पावलांचा हिशेब ठेवते! आमच्या वर्गातल्या त्या जोडीचं जे झालं, तेच या मुंग्यांचं झालं.

मुंगीसारखं सरळ घरी यायचं तर आपल्याला कागद लागेल. समजा, तुम्ही घरापासून पूर्वेला ४० पावलं गेलात आणि मग उत्तरेला ३० पावलं. आलेल्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० पावलं धरा. वर उत्तर. घराचा ठिपका काढा, उजवीकडे ४ सेंटिमीटर रेघ, तिच्या टोकापासून वर ३ सेंटिमीटर रेघ. आता शेवटचा ठिपका आणि घर सरळ जोडा. ती रेघ मोजली तर बरोबर ५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे ५० पावलं. मग घराच्या ठिपक्यावर कोनमापक ठेवून उत्तरेपासून या रेघेपर्यंतचा कोन मोजा. तो सुमारे ५३ येईल. हा झाला जाण्याचा कोन. त्यात १८० मिळवा, २३३. म्हणजे २३३ च्या दिशेने ५० पावलं चाललं की घर. आल्या वाटेने आला असता तर ७० पावलं पडली असती!

पूर्वीचे खलाशी समुद्रात हेच करत. समुद्रावर ना झाड, ना दगड. जहाजावर एक लाकडी फळी असे. तिच्यावर ३२ दिशा कोरलेल्या आणि प्रत्येक दिशेला आठ भोकं. दर अर्ध्या तासाने वाळूचं घड्याळ उलटलं, की जहाज ज्या दिशेला चाललं असेल त्या दिशेच्या भोकात एक खुंटी बसवायची. चार तासांची पाळी संपली की आठ खुंट्या बसलेल्या असत. ज्या खलाशाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तोही अशी नोंद ठेवू शके. वेग मोजायला गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात, तो त्यामुळेच!

थोडी चूक होणारच, मग?

होकायंत्र वाचताना पाच अंश इकडेतिकडे सहज होतात. पाच अंश म्हणजे किती? शंभर पावलं चाललात तर नऊ पावलं बाजूला. एक किलोमीटर चाललात तर जवळजवळ ८७ मीटर बाजूला! धुक्यात एवढ्या अंतरावरून घर दिसायचं नाही. मग डावीकडे शोधायचं की उजवीकडे?

यावर फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज वैमानिकाने नामी युक्ती वापरली. १९३१ साली तो छोट्या विमानातून एकटाच न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाला. वाटेत नॉरफोक बेटावर उतरायचं होतं. बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि चहूकडे समुद्र. चुकलं तर इंधन संपून विमान पाण्यात! त्याने विमान बेटाच्या रोखाने नेलंच नाही. मुद्दाम बेटाच्या एका बाजूला नेलं. सूर्याचा कोन मोजून आपण बेटाच्या रेषेत आलो हे कळल्यावर, बेट कोणत्या हाताला असणार याची त्याला शंकाच नव्हती. तो त्या बाजूला वळला आणि बेटावर पोचला. हाच चिचेस्टर पुढे १९६६-६७ मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून निघाला होता तिथेच, इंग्लंडमधल्या प्लिमथला, परत आला.

ही युक्ती तुम्हीही करू शकता. तुमचं घर रस्त्याच्या कडेला आहे आणि तुम्ही शेतातून त्या रस्त्याकडे येताय असं समजा. घराच्या रोखाने न येता मुद्दाम दहा अंश डावीकडचा कोन धरा. रस्ता लागला की उजवीकडे वळायचं, हे पक्कं!

निघण्यापूर्वी

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मोबाइलवर सगळं कळतं की!" कळतं ना. वापराही. पण डोंगरात बॅटरी संपते, पावसात मोबाइल भिजतो. छोटी डबी आणि खिशातली वही यांना बॅटरी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही आई-बाबांनीही वाचावी. कागदावरची सरळ रेघ सरळच असते, पण सह्याद्रीत त्याच रेघेवर दरी असू शकते, ओढ्याला पूर आलेला असू शकतो. म्हणून डोंगरात सरळ घर गाठायचा हट्ट नको. गेलेल्या पायवाटेनेच परत यायचं आणि होकायंत्राने फक्त ताळा करायचा. कड्याजवळ धुकं आलं तर सगळ्यांत शहाणपणाचं काम म्हणजे एकत्र बसून राहणं आणि धुकं हटायची वाट बघणं. आधी मैदानावर भरपूर सराव करा आणि डोंगरात मोठ्यांशिवाय जाऊच नका.

तर येत्या रविवारी एक रुपया, एक पान आणि एक होकायंत्र घेऊन मैदानावर जा. आई-बाबांनाही खेळायला लावा. कुणाचा रुपया आधी सापडतो बघू!

डोकं चालवा

१) जाताना दिशाकोन २५ होता. परत येताना किती?
२) जाताना दिशाकोन २०० होता. परत येताना किती?
३) पाच सारख्या बाजूंची आकृती चालून रुपयापाशी यायचं आहे. प्रत्येक कोपऱ्यावर किती अंश वळाल?
४) रुपयापासून ९० च्या दिशेने १०० पावलं, मग १८० च्या दिशेने १०० पावलं, मग २७० च्या दिशेने १०० पावलं चाललात. आता रुपया कोणत्या दिशेला आणि किती पावलांवर?
५) (मोठ्यांसाठी, आलेख कागद घेऊन) घरापासून ६० च्या दिशेने ६० पावलं आणि मग १५० च्या दिशेने ८० पावलं गेलात. सरळ घरी यायला कोणता दिशाकोन आणि किती पावलं?

उत्तरे : १) २०५. २) २०. ३) ७२ अंश. ४) उत्तरेला, १०० पावलांवर. ५) सुमारे २९३, १०० पावलं.